रकाना चौथा

चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी,
मयत-फंडाच्या अकरा वह्या आहेत.
कपाटाला कुलूप नाही. चोरून नेण्यासारखं
त्यात कुणाला कधी काही दिसलं नाही.
यंदाच्या हिवाळ्यात त्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम
माझ्या गळ्यात पडलं, कारण मी रिटायर्ड,
आणि ही आडनावं न अडखळता वाचणारे
क्लीव्हलंडमध्ये आता बोटांवर मोजण्याइतके.

रकाना पहिला, नाव. दुसरा, गाव.
तिसरा, वर्गणी: दरमहा पंचवीस सेंट.
चौथा, देश.

ओनुफ्री हावरिश्को, गाव विल्शान्का.
देश: ऑस्ट्रिया. साल एकोणीसशे नऊ.
नदीकाठच्या भट्टीवर दिवसाचे बारा तास,
जिथे बर्फसुद्धा आकाशातून काळा पडायचा.
तिसरी वर्गणी भरली आणि गेला.
शेरा: पेटी पाइनची, मेणबत्त्या चार,
बायकोला कळवले.
त्याखाली वेगळ्या शाईत: उत्तर नाही.

त्याचा धाकटा भाऊ. तेच गाव, तीच विहीर.
देश: पोलंड. साल तेवीस.
पुतण्या, साल एकोणपन्नास, जर्मनीतल्या छावणीतून:
चौथ्या रकान्यात नुसती आडवी रेघ.
आणि पुतण्याची म्हातारी मावशी,
जिला एकोणऐंशीत कसं सोडलं देव जाणे.
देश: सोव्हिएत युनियन.
लिहिणाऱ्यानं पेन इतकं दाबलंय
की अक्षरं मागच्या पानावर उठलीत.

गाव काही जागचं हललं नव्हतं.

शुक्रवारी पहाटे पाचला बायका येतात.
बटाट्याचं सारण, कोबीचं सारण, पंधराशे पिरोही.
ह्या पिरोहींनी छपराचं तांबं फेडलं,
घुमटाचा सोनेरी रंग दोनदा.
मनाला मुरड घालायला मी इथेच शिकले,
ह्याच टेबलाशी, कणकेला घालता घालता.
पोरं सगळ्यांचीच पार्माला गेली, तिथून आणखी पुढे.
ज्या घरात आम्ही चौघी एका खाटेवर आडव्या झोपायचो
तिथे आता साडेसहा डॉलरला कॉफी मिळते.
मी एकदा प्यायलेय. बरी असते.

दोन वर्षांपूर्वी विताल्यिना आली, पूर्वेकडची,
सोबत मुलगा, एक बॅग, आणि तोंडात रशियन.
टेबल गप्प झालं.
रोल्याक आजींनी, वय सत्याऐंशी,
तिच्याकडे न बघता लाटणं पुढे सरकवलं.
तिची मुरड वेणीसारखी, आमची साधी.
"आपल्यात असं नसतं," कुणीतरी म्हणालं.
आता गिऱ्हाइकं वेणीचीच मागतात,
त्यावरूनही दोघींचं बोलणं बंद आहे.

मी तिला फंडाचा फॉर्म दिला.
"मेल्यावरचा?" तिनं विचारलं.
पुरण्याचा, मी म्हटलं. ती हसली, अन् भरायला बसली.
दुसऱ्या रकान्यात फार वेळ लागला तिला.
गावाचं नाव लिहिलं, मग गल्लीचं,
मग घराचा नंबर, मग मजला,
मग जागा संपली.
"ह्यातलं आता काहीच नाही," ती म्हणाली,
"पण पत्ता बरोबर आहे."
चौथा रकाना तिनं एका दमात भरला.

माझं काम एका ओळीवर अडलंय.
कॉम्प्युटर देशांची यादी दाखवतो, म्हणतो, एक निवडा.
आडवी रेघ टाकली की लाल अक्षरांत सांगतो, चूक.
तो पुतण्या म्हणजे माझे वडील.
मरेपर्यंत ते विल्शान्का एवढंच सांगत,
समोरच्यानं "कुठे आलं ते?" विचारलं
की हातानं खिडकीकडे दाखवत,
जणू दोन गल्ल्या सोडून.

रोज संध्याकाळी ती ओळ मी तशीच ठेवते,
लाल, आणि बॉयलर बंद करून घरी जाते.